वेळ नाही, की वेळा जुळत नाहीत? (मुलं, नोकरी आणि घरी पोचेपर्यंत वाजलेले दहा)

हिंजवडी_रिटर्न | मंगळवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही म्हणून लिहितोय, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

परवा रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे गेली. तुम्ही म्हणाल त्याचं आम्हाला काय. आमच्या घरात त्या एका तासाला फार किंमत आहे. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत माझा रोजचा क्लायंट कॉल संध्याकाळी साडेसहाला असतो, म्हणजे न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ. तो ऑफिसातच उरकून साडेसातला निघालो की वाकडचा पूल, हायवे, चांदणी चौक असं करत पावणेनऊला कोथरूडला घरी. मुलगी जागी असते, जेवताना समोर असते, काहीतरी बडबडते. नोव्हेंबरात तोच कॉल साडेसातला जातो कारण त्यांचे नऊ हलत नाहीत, हलतात ते आमचे. मग घरी पोचायला दहा, आणि ती साडेनऊला झोपते. आता थेट मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत मला ती जागी दिसणार ती फक्त सकाळी, तोंडात ब्रश घालून.

दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेत ऋतूंवर पाच ओळी लिहायला सांगितल्या होत्या (दुसरीत आहे). हिवाळ्यात स्वेटर घालतात, हुरडा खातात, बाबा उशीरा येतो, असं लिहून आली. बाईंनी 'उशीरा'तला शी ऱ्हस्व करून दिला आणि खाली बरोबरची खूण केली. म्हणजे आता तो अधिकृत ऋतू झाला.

अजून एक गंमत. पूर्वी तिची शाळा सकाळी सात दहाला भरायची. लवकर उठवताना जीव जायचा पण मीच स्कूटरवरून सोडायचो, पुढे उभी राहून पंधरा मिनिटं अखंड प्रश्न, की हा सिग्नल लाल का, त्या आजोबांच्या कुत्र्याचं नाव काय. मग २०२४ मध्ये सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका असा निर्णय काढला, पोरांची झोप होत नाही म्हणून. निर्णय चांगलाच आहे, ती आता झोपते बिचारी. पण मला आठला निघावंच लागतं नाहीतर भूमकर चौकात अडकलो की संपलं. त्यामुळे आता रिक्षाकाका सोडतात आणि सगळे प्रश्न त्यांना जातात. परवा म्हणाली काकांना सगळं माहीत असतं. जरा लागलंच.

सगळे म्हणतात वेळ काढा वेळ काढा, अरे कुठून काढू. तुमच्याकडे काय करता? आणि आपल्या आईवडिलांकडे खरंच जास्त वेळ होता का?

---

पेठेतला_पोऱ्या | बुधवार, सकाळी ७:१०

पहिला! बाकी नंतर वाचतो, ट्रॅफिकमध्ये आहे.

---

दोन_डबे_एक_स्कूटर | बुधवार, दुपारी १:२०

छान लिहिलंय, मनापासून. पण एक विचारू का, तुमच्या मिसेसचा दिवस कुठाय यात? मुलगी तीनला शाळेतून येते असं धरलं तर तीन ते पावणेनऊ कोण असतं?

मी माझंच सांगते. सव्वापाचला उठते, दोन डबे, पोळ्यांना काकू येतात त्या साडेसहाला, नाही आल्या तर सगळा दिवस बोंबलला. धाकट्याला पाळणाघरात, थोरल्याला व्हॅनमध्ये, मी कर्वे रोडवरून डेक्कनला. साडेसहाला घरी आले की अभ्यास, कुकर, उद्याची भाजी निवडणं, ग्रुपवर बाईंनी रात्री नऊला टाकलेला मेसेज की उद्या हिरवा कागद आणि पिंपळाचं पान आणा. मी तर मुलांबरोबर असतेच की, रोज चार तास असते! एके दिवशी सहज मोजलं, घरातून बाहेर पडेपर्यंत मी किती वेळा 'लवकर' म्हणते. तेवीस. त्यानंतर मोजायचं सोडून दिलं.

म्हणून मला तुमचा हेवा वाटतो थोडा, रागावू नका. तुम्ही येता तेव्हा पोरं धावत येतात. माझ्याकडे कोण धावत येणार, मी आवर आवर करणारी बाई.

---

हिंजवडी_रिटर्न | बुधवार, दुपारी ३:०५

नाही रागावलो, पॉइंट मान्य आहे. बायको बँकेत आहे, तीन ते सहा शेजारच्या आजी बघतात, सहानंतर ती. हे मी धाग्यात लिहिलंच नाही हे तुम्ही लिहिल्यावर लक्षात आलं, म्हणजे बघा.

---

भोसरीकर | बुधवार, संध्याकाळी ५:४०

आयटीवाल्यांनी फार रडू नये. आमच्या भोसरी एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. विजेचा भार एकाच दिवशी नको म्हणून पूर्वी वार वाटून दिलेले ते तसेच चालू. आता हिशोब करा, रविवारी पोरगा घरी, मी मशिनवर. गुरुवारी मी घरी, पोरगा शाळेत. बायको म्हणते तुम्ही दोघं पाळीनं सुट्टी घेता.

त्यात शिफ्टा. पहिली सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते बारा, तिसरी रात्रभर, दर आठवड्याला बदल. सगळे म्हणतात पोराला सकाळच्या शाळेत घाला, मी मुद्दाम दुपारचीच ठेवलीय. कारण सेकंड शिफ्टच्या आठवड्यात मला पोरगं भेटतं ते सकाळी आठ ते साडेअकरा एवढंच. तेव्हा आम्ही दोघं चिरमुऱ्याचा चिवडा करतो, सायकलची चेन घालतो, त्याला पाना धरता येतो आता. नाईटचा आठवडा बेकार, मी झोपलेला असतो आणि तो टीव्हीचा आवाज बंद करून कार्टून बघत बसतो. आवाज नसलेली कार्टून बघून बघून त्याला ओठांवरून कळायला लागलंय असं म्हणतो, थापाड्या आहे.

वर्षातनं दोनदा गुरुवारी शाळेला बुट्टी मारून आम्ही कात्रजला प्राणी बघायला जातो (ते बुधवारी बंद असतं, नशीब माझं). बाईंना सांगतो ताप होता. वाघासमोर उभा राहून पोरगं मला विचारतं, बाबा मला ताप किती आहे?

---

सोनचाफा | बुधवार, संध्याकाळी ६:१५

बाबा मला ताप किती आहे, हाहाहा. मूळ धाग्यापेक्षा प्रतिसाद भारी (धागाकर्ते माफ करा).

---

अण्णा_नारायणपेठ | बुधवार, रात्री ९:३०

धागाकर्त्यांच्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. वय ७४, त्यामुळे दोन्ही बाजू पाहिल्या आहेत.

आमच्याकडे वेळ होता हा शुद्ध गैरसमज आहे. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, नारायण पेठेतून सायकलवर जायचे, सकाळी आम्ही उठायच्या आत बाहेर आणि संध्याकाळी आले की चहा, पेपर, ओसरीवर मंडळी. मी कितवीत आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आईला तर श्वास घ्यायला फुरसत नव्हती, शेगडी, धुणं, पाणी भरणं, सासूसासरे, आलागेला. माझ्याशी खेळायला आई खाली बसलीय असा एकही प्रसंग मला आठवत नाही.

पण आम्ही एकटेही नव्हतो. वाड्यात चौदा बिऱ्हाडं. चौकात नळ, नळाभोवती बायका, त्यांच्या पायात पोरं. गुडघा फुटला की जी जवळ असेल ती हळद लावायची आणि वर एक धपाटा द्यायची. गणित शिकलो ते वरच्या मजल्यावरच्या एका निवृत्त मास्तरांकडून, फी काय तर त्यांचा तपकिरीचा डबा भरून आणायचा. आईबाप 'मुलांना वेळ देत' नव्हते, मुलं त्यांच्या कामाच्या आजूबाजूला घुटमळत होती एवढंच. लक्ष कुणाचंच नव्हतं आणि नजर सगळ्यांची होती.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, आमच्या वाड्यात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी. वाडा पडला नाही पण भिंती गेल्या आणि वर्षभरात निम्मी बिऱ्हाडं गोखलेनगर, सहकारनगर, कोण कुठं पांगली. आम्हीही ब्लॉकमध्ये राहायला गेलो. दोन खोल्या, स्वतःचा संडास, आई किती खूश होती. आणि पहिल्याच दुपारी, मला अजून आठवतं, आईनं दार लावून घेतलं. वाड्यात दिवसा कुणी दार लावत नसे. त्या दिवसापासून आम्ही फक्त तिची मुलं झालो.

आज माझ्या सुनेवर तेच ओझं आहे, चौदा बिऱ्हाडांचं काम दोन माणसांनी करायचं आणि वर नोकरी.

---

दोन_डबे_एक_स्कूटर | बुधवार, रात्री १०:०२

अण्णा, शेवटचं वाक्य मी बायकांच्या ग्रुपवर टाकलंय, चालेल ना?

---

रोखठोक_रेवा | गुरुवार, सकाळी १०:४५

अण्णांचं लिखाण आवडलं पण वाड्याचा उदोउदो मला झेपत नाही. माझी आई अशाच वाड्यात वाढली, शनिवार पेठेत. ती नऊ वर्षांची असताना तिच्या कडेवर धाकटा भाऊ असायचा. चौदा बिऱ्हाडं सांभाळायची म्हणता, त्यातली निम्मी सांभाळणारी स्वतः परकऱ्या पोरी होत्या. तिची सातवीनंतर शाळा सुटली त्यात याचाही वाटा होता. आणि सगळ्यांची नजर म्हणजे ती सगळीच चांगली नजर नव्हे, एवढंच लिहिते.

---

अण्णा_नारायणपेठ | गुरुवार, सकाळी ११:३०

रेवाताई, खरं आहे. माझ्या थोरल्या बहिणीनं मला वाढवलं. वर लिहिताना तिला विसरलो, ती हे वाचत नाही हे बरं.

---

आकडेमोड | गुरुवार, दुपारी २:१५

थोडे आकडे टाकतो. २०१९ मध्ये आपल्याकडे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने वेळेच्या वापराची पाहणी केली होती, लोक चोवीस तासांचं काय करतात याची. घरकामाला बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि पुरुष ९७. घरातल्या माणसांची देखभाल, म्हणजे मुलं, म्हातारे, आजारी, त्याला बायका १३४ आणि पुरुष ७६.

७६ बघून बाप्यांनी लगेच कॉलर ताठ करू नये. ही सरासरी फक्त जे ते काम करतात त्यांच्यातली आहे. पाहणीच्या दिवशी देखभालीचं काहीही काम केलं असे पुरुष होते १४ टक्के, बायका साधारण २८. म्हणजे बहुतेकांच्या खात्यात त्या दिवशी शून्य. आता प्रत्येक घरात लहान मूल नसतं हे धरा, तरी दुपटीचा फरक राहतोच.

मला यात वेगळंच दिसतं. २९९ मिनिटं म्हणजे पाच तास. आईचा मुलांबरोबरचा वेळ कुणी खाल्ला असेल तर तो ऑफिसनं नंतर, आधी ओट्यानं.

---

पोळीभाजी | गुरुवार, दुपारी ३:००

+१. ओट्यानं!!

---

एचआर_मधली_मावशी | गुरुवार, रात्री ८:२०

कायद्याचं थोडं सांगते कारण रोज तेच काम आहे. २०१७ च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली, पहिल्या दोन मुलांसाठी. ५० किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटायला जाऊ द्यायचं. कागदावर झकास.

आता प्रत्यक्षात काय होतं बघा. पाळणाघर ऑफिसजवळ म्हणजे हिंजवडीत. आई राहते सिंहगड रोडला. म्हणजे आठ महिन्यांच्या बाळानं रोज सकाळ-संध्याकाळ दीड-दीड तास कॅबमध्ये बसायचं. एक मुलगी महिनाभर आणत होती, बाळाला खोकला काही हटेना, मग आई गावाहून आली आणि पाळणाघराचं नाव कुणी काढलं नाही.

आणि हा सगळा कायदा आईचा. बापासाठी केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस आहेत, खाजगीत कायद्यानं काहीच नाही, कंपनीची मर्जी. ज्यांना मिळते तेही दबकत घेतात. एकानं मला विचारलं की रजेचं कारण 'वैयक्तिक' असं लिहू का, टीममधले हसतात.

आणखी एक, कुणी बोलत नाही ते. सगळ्या सोयी बाळासाठी आहेत. मूल सात वर्षांचं झालं की कायद्याच्या दृष्टीनं ते मोठं झालं. पण पाळणाघरातल्या बाळाला पाजलं, झोपवलं की भागतं, सात वर्षांच्याला दुपारी चार वाजता शाळेत काय झालं ते चार वाजताच सांगायचं असतं. रात्री विचारलं की 'काही नाही'.

---

हिंजवडी_रिटर्न | गुरुवार, रात्री ११:१५

'काही नाही' अगदी अगदी!! आमच्याकडे तर कॉलवर विचारलं तरी 'काही नाही', आणि रविवारी अंघोळीच्या वेळी अचानक मंगळवारचं भांडण बाहेर येतं.

---

चमचाभर_साखर | शुक्रवार, सकाळी ९:५०

लॉकडाऊन आठवा की लोकहो. मार्च २०२० पासून आम्ही दोघं चोवीस तास घरी, मुलगा चार वर्षांचा. मला वाटलेलं चला देवानं वेळ दिला. दोन बेडरूमच्या घरात दोन लॅपटॉप, नवऱ्याचा कॉल गॅलरीत, माझा बाथरूमच्या दाराशी कारण तिथं रेंज. पोरगं दाराबाहेर बसून दाराखालून कागद सरकवायचं, चित्रं काढून. मी म्यूटवर असताना एक कागद उचलला तर त्यावर मोठ्ठा कान काढला होता, हेडफोन लावलेला. ते माझं चित्र होतं.

त्यामुळे 'सतत बरोबर' या गोष्टीवरचा माझा विश्वासच उडालाय. ऑफिसला गेलेली आई निदान संध्याकाळी येते तरी.

---

बिनधास्त_बंडू | शुक्रवार, सकाळी ११:०५

एवढं झेपत नाही तर मुलं जन्माला घालायचीच कशाला, आमच्या आईनं पाच सांभाळली.

---

रोखठोक_रेवा | शुक्रवार, सकाळी ११:०९

तिला विचारून लिहिलंत का?

---

सोनचाफा | शुक्रवार, दुपारी ४:३०

वरच्या सगळ्या घरांमधे एक माणूस सारखं येतंय आणि त्याच्याविषयी कुणीच लिहीत नाहीये म्हणून लिहिते. पोळीच्या काकू, पाळणाघरातल्या ताई.

आमच्याकडे येतात त्या जनता वसाहतीतून येतात, पर्वतीच्या उतारावरून. आमच्या मुलांचा डबा सातला तयार व्हावा म्हणून त्या साडेपाचला घर सोडतात, सहा घरं करतात. त्यांची मुलगी सहावीत आहे, ती धाकट्या भावाला उठवून, आवरून, शाळेत पोचवून मग स्वतःच्या शाळेत जाते. मागे मी त्यांना म्हटलं की सकाळचं अर्धा तास उशिरा आलात तरी चालेल. म्हणाल्या ताई, तुमचं अर्धा तास सरकलं की पुढची पाच घरं सरकतात, तिथं नाही चालत. म्हणजे धागाकर्त्यांचं न्यूयॉर्क आणि काकूंचं तिसऱ्या मजल्यावरचं घर एकच की.

हे वाचून मला कुणी उपाय विचारू नका, माझ्याकडे नाही. पगार वाढवला आणि रविवारची सुट्टी दिली, एवढंच जमलं.

---

भोसरीकर | शुक्रवार, संध्याकाळी ६:५०

ताई बरोबर बोललात. माझी आई पण चार घरची भांडी करायची. संध्याकाळी तिच्या हाताला साबणाचा वास यायचा आणि ती आली म्हणजे मला तो वास आधी यायचा.

---

टेकडीवाला | शनिवार, सकाळी ८:१५

मी एक साधी गोष्ट केली ती सांगतो, सल्ला म्हणून नाही. मी रोज सकाळी हनुमान टेकडीवर जातो, एकटा, व्यायाम म्हणून. दोन वर्षं पोराला विचारत होतो येतोस का, नाही म्हणायचा. मग मी विचारणं बंद केलं आणि घरी बसून पंक्चर काढणं, ट्यूबलाइट बदलणं, वॉशिंग मशीनचा पाइप साफ करणं अशी किडूकमिडूक कामं रविवारी त्याच्या खोलीच्या दारात करायला लागलो. पंधरा मिनिटांत येऊन उभा राहतो, पक्कड दे स्क्रू दे, आणि मग बोलतो. समोर बसवून 'बोल काय चाललंय' म्हटलं तर साक्षीदारासारखा गप्प. अण्णा म्हणतात ते घुटमळणं हेच असावं.

---

पेठेतला_पोऱ्या | शनिवार, सकाळी ९:०२

आत्ता वाचलं सगळं. मला मुलं नाहीत, आईला फोन लावतो.

---

हिंजवडी_रिटर्न | तीन आठवड्यांनी, मंगळवार, रात्री ९:४०

धागा वर काढतोय, अपडेट द्यायचं होतं.

बरीच हिंमत करून क्लायंटच्या बाईंना सांगितलं की आमच्याकडे मुलीची झोपायची वेळ होते, मंगळवार-गुरुवार कॉल तुमच्या आठला ठेवता येईल का. दोन वर्षं हे विचारायला मी घाबरत होतो. त्या म्हणाल्या, अगं बाई (म्हणजे त्यांच्या भाषेत), तुमच्याकडे तेव्हा रात्र असते हे कुणी बोललंच नाही, मला आठच बरे पडतात, नऊला मलाही मुलाला शाळेत सोडून धावत यावं लागतं. म्हणजे दोन वर्षं आम्ही दोघं एकमेकांसाठी गैरसोय सोसत होतो. बाकी तीन दिवस जुनंच आहे, तिथं दुसरा क्लायंट आहे, तो ऐकणारा नाही.

मॅनेजरनी ते दोन दिवस घरून काम करायची परवानगी दिली, मार्चपर्यंत.

तर आज पहिला मंगळवार. साडेसहाला कॉल, साडेसातला लॅपटॉप बंद. मोठ्या उत्साहानं बाहेर आलो तर मुलगी घरात नाही. खाली पार्किंगमध्ये लपंडाव चालू होता. हाक मारली तर वर न बघता ओरडली, बाबा थांब ना, राज्य आहे माझ्यावर. मग मी गॅलरीत उभा राहून मटार सोलत बसलो (अर्धा किलो, बायकोनं हातात दिले). आठला वर आली, घामेजलेली, चार दाणे तोंडात टाकले आणि मटारच्या सालींचं काय करतात असं विचारलं. मला माहीत नव्हतं. म्हणाली उद्या रिक्षाकाकांना विचारते.

---

दोन_डबे_एक_स्कूटर | मंगळवार, रात्री ९:५८

आतला पापुद्रा काढून भाजी करतात. काकांच्या आधी सांगा तिला, सकाळी ब्रश करताना.

---

भोसरीकर | मंगळवार, रात्री १०:२०

गुरुवारी घरी असाल तर आदल्या रात्री पाणी भरून ठेवा. पाणी बंद ठेवायला यांना पण गुरुवारच सापडतो.